डिस्नेलँड बघताना कुणाचे हात बघायचे?



आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही कुणाची लेक, कुणाचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या बारशाला आई चार-सहा महिने तिकडे जाऊन येते. परत आली की मोबाइलमधले फोटो दाखवते. लेक कॅलिफोर्नियात राहत असेल, तर त्यांत एक फोटो बहुधा असतोच. मागे गुलाबी भिंती आणि निळ्या टोकांचा राजवाडा, आणि पुढे साडीवर स्वेटर घातलेल्या आपल्या काकू. तो राजवाडा डिस्नेलँडचा.

आजच्या भागात आम्ही तुम्हाला याच डिस्नेलँडमधून फिरवून आणणार आहोत. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसानं तिथं काय चुकवू नये, हे तर सांगूच. पण सोबत आणखी एक गोष्ट सांगायची आहे. तिथल्या ज्या खेळांना लोक आजही रांगा लावतात, त्यांतल्या कितीतरी खेळांमागे बायकांचे हात आहेत. शिवणारे, रंगवणारे, पिसं चिकटवणारे, झाडं लावणारे हात. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात. ती आज ऐकू या.

आधी हे ठिकाण म्हणजे नेमकं काय ते बघू. आपल्या जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, झुकझुक गाडी असते. प्रत्येक खेळ निराळा आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. थीम पार्कमध्ये तसं नसतं. तिथं एकेक भाग एकेका गोष्टीभोवती रचलेला असतो. जंगलाच्या भागात झाडं, होड्या, दुकानं, कामगारांचे कपडे, सगळं जंगलाचं. आपण पाळण्यात नुसते बसत नाही, एका गोष्टीच्या आत शिरतो.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर उभी केली वॉल्ट डिस्ने यांनी. मिकी माउसच्या चित्रपटांमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. त्यांना दोन मुली. सुट्टीच्या दिवशी ते मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या चक्रीवर बसवायला नेत. मुली चक्रीवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. तिथं त्यांना वाटलं की आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी एखादी जागा हवी. त्यांच्या पत्नी लिलियन यांना ते काही पटलं नाही. असल्या बागा घाणेरड्या असतात, कशाला त्या भानगडीत पडता, असं त्यांनी विचारलं. माझी तशी नसेल, हेच तर करायचं आहे, असं वॉल्ट यांचं उत्तर होतं.

अॅनाहाइम नावाच्या गावाजवळ १६० एकर जमीन घेतली. तिथं संत्र्यांच्या आणि अक्रोडाच्या बागा होत्या. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि वर्षभरात, १७ जुलै १९५५ रोजी, उद्घाटनही झालं. खर्च आला १ कोटी ७० लाख डॉलर. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र फजिती झाली. अनेक जण खोटी तिकिटं घेऊन आत घुसले आणि गर्दी २८ हजारांवर गेली. ऊन आपल्या चैत्र-वैशाखासारखं. डांबर नुकतंच ओतलेलं, त्यात बायकांच्या उंच टाचांचे बूट रुतू लागले. नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप होऊन गेला होता. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा संडास, दोन्हींपैकी एकच काम वेळेत पुरं होणार होतं. वॉल्ट यांनी संडास निवडले. लोक विकतचं काही तरी पिऊन तहान भागवतील, पण संडासाला दुसरी सोय नाही, असा त्यांचा हिशेब. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर टीका केली. पण दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती या निर्णयाला नावं ठेवणार नाही.

आता बायकांच्या कामाकडे वळू. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपट कंपनीत बायका पहिल्यापासून होत्या. खुद्द लिलियन लग्नाआधी तिथंच काम करत. पण बहुतेक बायकांना एकच विभाग ठरलेला होता. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक पानांवर शाईनं गिरवायची आणि त्यांत रंग भरायचे. १९३८ साली या कंपनीनं एका तरुणीला पाठवलेलं पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. तिनं चित्रकार म्हणून शिकायला घ्या असं विचारलं होतं. उत्तर आलं की कल्पकतेचं काम इथं तरुण पुरुषच करतात, म्हणून प्रशिक्षणासाठी मुलींचा विचार होत नाही. शाई आणि रंग, एवढंच मुलींचं काम. अपवाद होते, पण मोजके.

हे पत्र लक्षात ठेवा आणि आता चला, दारातून आत जाऊ.

आत गेल्यावर समोर लागतो मेन स्ट्रीट, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गावातला मुख्य रस्ता. दुतर्फा दुकानं, घोड्याची गाडी, आणि टोकाला राजवाडा. पहिल्यांदा येणारा माणूस घाईघाईनं राजवाड्याकडे धावतो. आमचं सांगणं आहे की इथं जरा थांबा आणि झाडांकडे बघा. रस्ते कुठून कुठं जावेत, माणसांची गर्दी कशी वाहावी, चौकात कोणतं झाड लावावं, याचा आराखडा रूथ शेलहॉर्न या बाईंनी केला. त्या बागरचनाकार होत्या. उद्घाटनाला जेमतेम चार महिने उरले असताना, मार्च १९५५ मध्ये त्यांना बोलावलं गेलं. मेन स्ट्रीट, मधला गोल चौक आणि राजवाड्याभोवतीची जागा त्यांच्याकडे होती. एकीकडे नळ टाकायला खणत आहेत, दुसरीकडे झाडं येऊन पडली आहेत, अशा गोंधळात त्या उभ्या राहून काम करून घेत. तुम्ही त्या चौकात उभ्या राहिलात आणि कुठल्या बाजूला जायचं ते कुणाला न विचारता कळलं, तर ते शेलहॉर्नबाईंचं काम समजा.

समोरचा राजवाडा ७७ फूट उंच आहे. फोटोत तो फार मोठा वाटतो, प्रत्यक्षात तितका नाही. वरचे दगड खालच्या दगडांपेक्षा लहान केले आहेत, त्यामुळे नजर फसते. अशी बांधकामं करण्याआधी त्यांच्या लहान प्रतिकृती बनवल्या जात. प्रतिकृतींच्या त्या खोलीत हॅरिएट बर्न्स काम करत. १९५५ मध्ये त्या रंगकामासाठी लागल्या आणि पुढं करवत, ड्रिल, लाकूड कापायची यंत्रं चालवू लागल्या. या विभागात कल्पकतेच्या कामासाठी घेतलेल्या त्या पहिल्या बाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे झगा आणि उंच टाचांचे बूट घालून त्या यंत्रावर उभ्या राहत. मॅटरहॉर्न नावाचा १४७ फुटी बर्फाचा डोंगर १९५९ मध्ये उभा राहिला. त्याच्या पोटातून घसरगाडी धावते. त्याचीही प्रतिकृती हॅरिएट यांच्या हातची. या गाडीला धक्के बरेच बसतात. कंबर-पाठ दुखत असेल तर खाली उभं राहून बघणंच बरं.

त्यांचं सर्वांत नाजूक काम बघायचं तर एन्चँटेड टिकी रूममध्ये जा. १९६३ मध्ये सुरू झालेलं हे एक दालन आहे. दीडशेहून जास्त पक्षी, फुलं आणि लाकडी मूर्ती छतावरून, भिंतींवरून बोलतात आणि गातात. सगळं यंत्रावर. पक्ष्यांना पिसं लावायचं काम हॅरिएट यांच्याकडे होतं. अडचण अशी आली की पक्षी श्वास घेतल्यासारखा छाती हलवी, तेव्हा छातीवरची पिसं खरी वाटत नसत. एका बैठकीत हॅरिएट यांचं लक्ष वॉल्ट यांच्या स्वेटरकडे गेलं. तो काश्मिरी लोकरीचा होता. हात हलला की कोपराजवळ ती लोकर हवी तशी ताणली जात होती आणि सैल होत होती. मग तसंच कापड विणून घेऊन ते पक्ष्यांच्या छातीला वापरलं. कापडाची नजर असलेल्या माणसालाच हे सुचणार. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ब्लाउजची बाही बसवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या फेरीतलं आमच्या आवडीचं ठिकाण. नाव आहे 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', म्हणजे जग केवढंसं! संथ पाण्यावरून होडी जाते आणि दोन्ही काठांना जगातल्या देशोदेशीच्या बाहुल्या गातात, नाचतात. बाहुल्या ३०० च्या वर आहेत. १९६४ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफ या संस्थेच्या सन्मानार्थ हा खेळ बनवला होता. प्रदर्शन संपल्यावर तो डिस्नेलँडला आणला आणि २८ मे १९६६ पासून तो तिथं चालू आहे.

याचे रंग आणि रूप मेरी ब्लेअर यांचं. सिंड्रेला, पीटर पॅन अशा चित्रपटांची रंगसंगती ठरवणाऱ्या या चित्रकार. १९५३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि न्यूयॉर्ककडे राहून, दोन मुलं वाढवत, जाहिराती आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत राहिल्या. हा खेळ करायचं ठरलं तेव्हा वॉल्ट यांना त्यांचीच आठवण झाली. बोलावणं गेलं आणि त्या परत आल्या. हाताशी वर्षभराचाही वेळ नव्हता. कागदाचे तुकडे कापून चिकटवावेत तशी त्यांची चित्रं असत. गुलाबीशेजारी केशरी, त्याच्याजवळ जांभळा. लग्नाच्या मांडवात रंगीत साड्या जमाव्यात तसे ते रंग एकमेकांशी भांडत नाहीत.

या बाहुल्यांची एक गंमत आहे. सगळ्यांच्या चेहऱ्याची घडण एकच आहे. त्वचेचा रंग बदलतो, केस बदलतात, पण नाक-डोळे तेच. जगातली मुलं सारखीच, हे त्यातून सांगायचं होतं. मग देश ओळखायचा कशावरून? तर कपड्यांवरून. म्हणजे अर्धी गोष्ट शिवणकामानं सांगितली आहे. आणि ते शिवणकाम होतं अॅलिस डेव्हिस यांच्याकडे.

अॅलिस यांना खरं तर चित्रपटातली चित्रं काढायला शिकायचं होतं. पण महायुद्धानंतर चित्रशाळेत परतलेल्या सैनिकांची गर्दी होती. त्यांना वेशभूषेच्या वर्गात जागा मिळाली. पुढं त्या बायकांचे आतले कपडे बेतायच्या धंद्यात गेल्या. लोक याला हलकं काम समजत. पण अंगाबरोबर कापड कसं हलतं, शिवण कुठं ताणते, काय घातलं म्हणजे टोचत नाही, हे त्यातूनच कळतं. 'स्मॉल वर्ल्ड'साठी त्यांनी मेरी ब्लेअर यांच्यासोबत देशोदेशीचे पोशाख अभ्यासले आणि दीडशेवर पोशाख बेतले. बाहुली म्हटलं तरी ती यंत्र आहे. दिवसभर, रोज, एकच हालचाल करते. कपडा त्यात अडकता कामा नये, झिजून फाटता कामा नये, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याला आत हात घालता आला पाहिजे. इतकं सांभाळून तो सुंदरही दिसला पाहिजे.

होडीत बसल्यावर भारताचा भाग आला की नीट बघा. ताजमहाल आहे आणि नाचणाऱ्या मुली आहेत. आपला देश तिकडच्या माणसाला कसा दिसला तेही त्यात कळतं. २०२२ मध्ये या खेळात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाहुल्याही आल्या. नातवंडाला त्या शोधायला सांगा.

आता पुढची होडी, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'. पायरेट म्हणजे समुद्रावरचे चाचे. हा खेळ १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाला. त्याआधी तीनच महिने वॉल्ट डिस्ने वारले होते. अंधारातून होडी दोनदा लहानशा धबधब्यावरून खाली घसरते, तेव्हा नातवाचा हात धरा आणि पदर खोचून बसा. मग दिसतं जळतं गाव आणि त्यात दारू पिऊन धिंगाणा घालणारे चाचे. त्यांचे कपडेही अॅलिस डेव्हिस यांचेच. कालपर्यंत गोंडस मुलांचे कपडे करत होते, आज घाणेरड्या म्हाताऱ्यांचे, असा विनोद त्या करत. त्या एक गोष्ट नेहमी सांगत. त्यांनी प्रत्येक पोशाखाचा एक जादा जोड मागितला. पैसे नाहीत म्हणून नकार मिळाला. मग त्यांनी एका जोडाच्या अंदाजपत्रकातच दोन जोडांचा खर्च बसवला आणि गुपचूप दुसरा संच शिवून ठेवला. पुढं तिथं आग लागली, पाण्याचे फवारे सुटले, कपडे खराब झाले. वरच्यांना घाम फुटला, आणि बाईंनी तयार जोड काढून दिला. घर चालवणारी बाई डब्याच्या तळाशी नोटा का ठेवते, ते वरच्यांना त्या दिवशी कळलं असावं.

याच खेळात आणखी एक गोष्ट होती. ती आम्ही मुद्दाम सांगतो. गावात चाचे बायकांचा लिलाव करत. दोरीनं बांधलेल्या बायका ओळीनं उभ्या, वर 'बायको करायला बाई घ्या' अशा अर्थाचा फलक, आणि समोर बोली लावणारे चाचे. त्यांतली लाल झग्यातली, लाल केसांची बाई सगळ्यांच्या लक्षात राहायची. पुढच्या प्रसंगात चाचे बायकांच्या मागे धावत. हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. आईबाप हसत आणि मांडीवरच्या लहान मुलीही ते बघत. तीस वर्षं ते तसंच चाललं. १९९७ मध्ये पाठलाग बदलला. चाचे आता बायकांच्या हातातल्या खाण्यामागे धावू लागले. आणि २०१८ मध्ये लिलावही गेला. आज तिथं लुटीच्या मालाचा आणि कोंबड्यांचा लिलाव होतो. ती लाल केसांची बाई आता बांधलेली नाही. ती स्वतःच चाचा झाली आहे आणि हातात बंदूक घेऊन उभी आहे.

काही जुन्या चाहत्यांना राग आला. लहानपणी पाहिलेलं कशाला बदलता, असं त्यांचं म्हणणं. जंगलातल्या होडीच्या खेळातही आफ्रिकेतल्या लोकांना रानटी दाखवणारे प्रसंग होते. ते २०२१ मध्ये काढले, तेव्हाही असाच वाद झाला. आमचं मत असं की विनोद कुणाच्या अंगावर पडतो ते आधी बघावं. बाई विकली जाणं हा जगात कुठंच विनोद नव्हता. साठ वर्षांपूर्वी तो विनोद वाटला आणि आज वाटत नाही, हाही इतिहासच आहे, आणि तो चांगल्या दिशेनं गेलेला आहे.

पायरेट्सच्या जवळच हाँटेड मॅन्शन आहे, म्हणजे भुताचा वाडा. वाड्याचं बाहेरचं बांधकाम १९६३ लाच पुरं झालं होतं, पण आतली भुतं तयार व्हायला १९६९ चा ऑगस्ट उजाडला. आत ९९९ भुतं राहतात आणि हजाराव्याची जागा रिकामी आहे, असं ते गमतीनं सांगतात. भीती वाटण्यापेक्षा हसू जास्त येतं. तिथं एका काचेच्या गोळ्यात एका बाईचं तोंड दिसतं आणि ते मंत्र म्हणतं. तो चेहरा लिओटा टूम्ब्स यांचा. त्या सुरुवातीला त्याच शाई-रंगाच्या विभागात होत्या, जिथं मुलींना बसवलं जायचं. पुढं इथल्या खेळांसाठी बाहुल्या आणि पुतळे तयार करू लागल्या. या प्रयोगासाठी दोन डोळ्यांत ठरावीक अंतर असलेला चेहरा हवा होता, तो त्यांचा निघाला. गोळ्यातला आवाज दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे. पण बाहेर पडताना एक छोटी बाहुली 'परत या' म्हणते, तिचा आवाज लिओटा यांचाच आहे.

आता परत मेन स्ट्रीटवर येऊ. जाताना तुम्ही दुकानं पाहिलीत, येताना वरच्या मजल्याच्या खिडक्या बघा. खिडक्यांच्या काचांवर नावं रंगवलेली आहेत. चित्रपटाच्या शेवटी नावं येतात ना, तशी ही डिस्नेलँड घडवणाऱ्यांची नावं. तिथं बहुतेक नावं पुरुषांची आहेत. हॅरिएट बर्न्स यांच्या नावाची खिडकी १९९२ मध्ये झाली, उद्घाटनानंतर ३७ वर्षांनी. अॅलिस डेव्हिस यांना आपली खिडकी मिळायला २०१२ साल उजाडलं. त्या तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. त्यांचे पोशाख तोवर काही कोटी लोकांनी पाहिले असतील.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं सांगतो. १९५५ मध्ये मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट १ डॉलर होतं, खेळांचे पैसे वेगळे. आज एका माणसाला शंभर डॉलरच्या वर पडतात आणि तारखेप्रमाणे दर बदलतो, म्हणून लेकीला आधी बघून ठेवायला सांगा. सकाळी दार उघडताच पोचा. पीटर पॅनचा खेळ लहान आहे पण रांग मोठी, तो आधी उरका. दुपारी पाय दुखू लागले की टिकी रूम आणि 'स्मॉल वर्ल्ड' ठेवा, दोन्हीकडे बसायला मिळतं. पार्कभोवती आगगाडी फिरते, तिच्यात बसून सगळं एकदा नजरेखालून घालता येतं. आपल्यापुरतं घरचं खाणं आत नेता येतं, काचेची बरणी मात्र चालत नाही. चिवडा, दशम्या खुशाल बांधून घ्या.

आणि ज्यांना तिकडं जायचा योग नाही, त्यांनाही या गोष्टीत घेण्यासारखं आहे. आपल्या गटात कुणी गोधड्या शिवतं, कुणी शाळेचे गणवेश, कुणी गौरी-गणपतीची आरास करतं. माल विकला जातो, लोक वा वा करतात, आणि कुणी केलं ते कुणाला ठाऊक नसतं. येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात कोणती वस्तू कुणाच्या हातची आहे, याची यादी वहीत लिहा. पुढच्या वेळी पिशवीवर, पुडीवर, गोधडीच्या कोपऱ्यावर तिचं नाव घाला. खिडकी मिळायला सदतीस वर्षं थांबायचं काही कारण नाही.

यादी झाली की आम्हाला कळवा. ती नावं आम्ही पुढच्या एका भागात वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.